चंद्री आणि आण्णा: कोल्हापुरातल्या एका मातीशिल्पांच्या कार्यशाळेचा अनुभव

आमच्या आण्णांनी जवळजवळ पस्तीस वर्षे रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस उभी केली आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ, धारोष्ण दुधाचा पेला त्याच्या हातात दिला. ते जाऊन आता तीन वर्षे झाली. आईसाठी त्यांचे एखादे शिल्प करून घ्यावे असे आम्हा भावंडांच्या मनात गेल्या वर्षी आले, आणि त्या निमित्ताने शहरातल्या एका शिल्पकार बाईंच्या कार्यशाळेत माझे सहा महिने येणे-जाणे झाले. त्या भाजलेल्या मातीत माणसे आणि जनावरे घडवतात. त्यांच्याच इच्छेवरून त्यांचे नाव इथे देत नाही; शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ‘माणसं आणि जनावरं करणाऱ्या बाई’ अशी चौकशी केली की कोणीही जिना दाखवते. असे काम करून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या बाईंकडे जाण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी आण्णांचा फायबरचा अर्धपुतळा करून घेतला होता. त्यांच्या दोन छायाचित्रांवरून तो केलेला होता आणि नाक, मिशी, कपाळावरची आठी, सगळे मापात होते. घरी आणल्यावर मात्र आई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि ‘हे कोणाचं लग्न आहे?’ एवढेच म्हणाली. तिच्या बोलण्यातला अर्थ मला नंतर उमगला. छायाचित्रात आण्णा फेटा बांधून, ताठ बसून कॅमेऱ्याकडे पाहत होते, आणि तसे ते आयुष्यात दोन-तीनदाच बसले असतील. कोल्हापुरात पुतळ्यांची परंपरा मोठी आहे. बिंदू चौकातला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच उभा राहिला. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेल्या अश्वारूढ ताराराणी आहेत. चित्रपट, चित्रकला आणि शिल्पकला अशा तिन्ही क्षेत्रांत वावरलेले कलामहर्षी बाबूराव पेंटर याच शहरातले. त्यामुळे शिल्प म्हटले की चौथऱ्यावर उभी असलेली, नजर दूरवर लावलेली थोर व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. उकिडवा बसलेला, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेला गवळी त्या चौकटीत बसत नाही.

कार्यशाळा वरच्या मजल्यावर आहे आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात शिरले तेव्हा गणेशमूर्तींचे किती नुकसान झाले हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाईंचे काम त्या वेळी तळमजल्यावर होते. ज्या आकृती वाळत ठेवलेल्या होत्या त्यांचा चिखल झाला, फळ्यांवर नुसते डाग उरले. ज्या भट्टीतून निघालेल्या होत्या त्या गाळातून काढून धुतल्या आणि आजही मांडणीवर आहेत. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले, पण तोपर्यंत सगळे वर गेले होते. हा फरक गिऱ्हाइकाने समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे मातीची मूर्ती म्हणजे विसर्जनाची मूर्ती असा समज पक्का आहे. शाडूचा गणपती भाजत नाहीत, कारण तो पाण्यात विरघळावा हाच हेतू असतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या राहावी अशी आकृती हवी असेल तर ती भाजलीच पाहिजे, आणि ती भाजायची असेल तर पहिल्या बोटापासून वेगळ्या रीतीने घडवावी लागते. भाजलेली माती किती टिकते याचा दाखला आपल्याच गावात आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले, तिथल्या वस्तू टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहेत. तिथे सगळे जण पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती पाहतात, पण सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या वस्तूंपाशीही जरा थांबावे असे मला या सहा महिन्यांनंतर वाटू लागले आहे.

मांडणीवर त्या दिवशी पंचवीस-तीस आकृती असतील. सगळ्यात मोठी दीड हाताची, सगळ्यात लहान मुठीत मावेल एवढी. त्यांतला एक पहिलवान मी विसरू शकत नाही. तो कुस्ती हरलेला आहे. खांदे रुंद, मान जाड, कान मोडलेले, म्हणजे शरीर अगदी तालमीतले. पण उजवा हात डाव्या दंडावरची माती पुसत आहे आणि ते पुसणे अर्ध्यावर थांबले आहे. त्याच्या चेहऱ्यावर दुःख असे काही कोरलेले नाही. बोटे दंडावर टेकली आहेत पण दाबलेली नाहीत, एवढ्यावरून कळते की याचे लक्ष दुसरीकडे आहे. खासबागेत ज्यांनी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिल्या आहेत त्यांनी हा माणूस मैदानाच्या कडेने बाहेर पडताना नक्की पाहिला असेल. त्याच्या शेजारी मागच्या पायाने कान खाजवणारे एक गल्लीतले कुत्रे होते. तीन पायांवर तोल सांभाळताना त्याचा पाठीचा कणा जसा एका बाजूला वळतो, तो वळण्याचा आकार इतका नेमका होता की मी ते उचलून सर्व बाजूंनी पाहिले. बेंदराला विकायला येणारे मातीचे बैल आपण सगळ्यांनीच आणले आहेत, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडले आहेत. त्या कामातला जिव्हाळा इथेही आहे, मात्र इथला बैल साच्यातून आलेला नाही, तो कोणाच्या तरी गोठ्यातला एकच बैल आहे.

जनावरांच्या मानाने माणसांत थोडे डावे-उजवे आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. पुरुष आणि म्हाताऱ्या बायका यांच्या आकृती उत्तम आहेत. गुडघ्यावर हात टेकून उठणारी एक आजी तर अशी आहे की पाहणाऱ्याचा हात तिला आधार द्यायला पुढे व्हावा. तरुण स्त्रियांचे चेहरे मात्र मला एकमेकींसारखे वाटले. डोळ्यांची ठेवण आणि हनुवटी तीच ती येते. हे मी बाईंनाही बोलून दाखवले. त्यांनी ते नाकारले नाही. ‘बहिणीचा चेहरा हातात बसलाय,’ असे त्या म्हणाल्या.

पहिल्या भेटीत मी छायाचित्रांचे पाकीट पुढे केले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले, कारण त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे मला आली नव्हती. आण्णा धार काढायला म्हशीच्या कोणत्या अंगाला बसत? बसताना टाचा टेकत की नुसत्या चवड्यांवर बसत? चरवी दोन गुडघ्यांत धरत की जमिनीवर ठेवत? कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवत का? म्हैस पान्हवेपर्यंत काय करत? ‘ताई, फोटोत तोंड मिळतंय. माणूस कसा बसायचा ते तुमच्याकडंच हाय,’ हे त्यांचे वाक्य. मी पन्नाशीची बाई, वडिलांना हजारो वेळा धार काढताना पाहिलेले, आणि टाचांचे उत्तर मला देता येईना. शेवटी आईला फोन लावला. ती एका क्षणात म्हणाली, ‘डावी टाच टेकलेली, उजवी उचललेली. उजव्या गुडघ्याला कळ होती त्यांच्या.’ बाईंनी तिथल्या तिथे मूठभर माती घेतली आणि वीसेक मिनिटांत तळहातावर मावेल असा कच्चा नमुना करून माझ्यासमोर ठेवला. त्याला चेहरा नव्हता, बोटे नव्हती, डोक्याच्या जागी एक गोळा होता. ते आण्णा होते.

म्हशीबद्दलही तितकीच चौकशी झाली. आमची चंद्री पंढरपुरी जातीची. या म्हशींची शिंगे तलवारीसारखी लांब असतात आणि खांद्यांवरून मागे जातात. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसे आणि कवड्यांच्या माळा बांधून म्हशी निघतात तेव्हा कोल्हापुरात पाहणाऱ्याची नजर आधी शिंगांवरच जाते. मातीत काम करणाऱ्यासाठी मात्र अशी शिंगे म्हणजे मोठी अडचण असते. जाड अंग आणि बारीक शिंग एका वेगाने वाळत नाहीत. शिंग लवकर वाळून आकसते, अंग ओलेच राहते, आणि जोडावर चीर जाते. बाईंनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडला. त्यांनी चंद्रीची मान धार काढणाऱ्याकडे किंचित वळवली, त्यामुळे एका बाजूचे शिंग तिच्याच पाठीवर टेकले आणि त्याला आधार मिळाला. म्हैस ओळखीच्या माणसाकडे वळून पाहते तेव्हा शिंग तसेच पाठीला लागते. दुसऱ्या शिंगाला असा टेकू देता आला नाही, आणि पुढे घोटाळा तिथेच झाला.

घडवण्याचे काम मी चार वेळा जाऊन पाहिले. ज्या मातीच्या मूर्तीचा पुढे साचा काढायचा असतो तिच्या आत तारेचा सांगाडा चालतो, भाजायच्या मूर्तीत तो चालत नाही. माती आकसते, तार आकसत नाही, आणि मूर्ती फुटते. त्यामुळे म्हशीचे सगळे वजन त्या चार ओल्या पायांवरच पेलायचे. पोटाखाली मातीचे टेकू लावले होते आणि ते वाळेपर्यंत काढले नाहीत. शिवाय आण्णांचे डोके चंद्रीच्या कुशीला टेकलेले असल्यामुळे माणूस आणि जनावर मिळून एकच घट्ट आकार झाला, आणि म्हशीचा एक मोठा भार आण्णांच्या पाठीवरून खालच्या पाटापर्यंत उतरला. माती कातड्याइतकी घट्ट झाल्यावर बाईंनी तारेने म्हशीचे अंग आडवे कापले, आतला गाभा तारेच्या कडीने कोरून काढला, भिंत अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवली, दोन्ही कडा खरवडून त्यांना मातीची पातळ राड लावली आणि अंग पुन्हा जोडले. पोटाखाली एक बारीक भोक ठेवले, भट्टीत आतल्या हवेला आणि वाफेला वाट मिळावी म्हणून. जोड कुठे होता ते दुसऱ्या दिवशी मला दाखवूनही दिसेना. तेरा इंच लांबीची ओली मूर्ती वाळून आणि भाजून बारा इंचांच्या आत येते, म्हणून आपल्याला हव्या त्या मापापेक्षा मोठे काम धरावे लागते, हेही तेव्हाच समजले.

वाळवण्याला जवळजवळ महिना लागला. आमचे काम श्रावणात सुरू झाले आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात माती वाळता वाळत नाही. मूर्ती ओलसर फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असे, रोज थोडा वेळ उघडायची आणि पुन्हा झाकायची. भट्टी विजेची आहे. सुरुवातीचे काही तास ती अगदी सावकाश तापवतात, कारण मातीत उरलेल्या पाण्याची वाफ घाईने झाली तर मूर्तीचे तुकडे होतात. मग ९५० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि बंद करून आपोआप निवू देतात. निवायला तापवण्याहूनही अधिक वेळ जातो आणि मध्येच दार उघडायचे नसते.

पहिल्या भाजणीत चंद्रीचे मोकळे शिंग मुळापासून तडकले. बाईंनी त्याच संध्याकाळी स्वतः फोन करून सांगितले. चिकटवून, वरून रंगाचा हात फिरवून ते मला देता आले असते आणि माझ्या कधी लक्षातही आले नसते. त्यांनी तसे केले नाही. भाजलेल्या मातीला ओली माती धरत नाही, म्हणून संपूर्ण शिल्प पहिल्यापासून पुन्हा घडवले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही शिंगे मेणकापडात गुंडाळून ठेवली, अंगाबरोबरच ती वाळावीत म्हणून, आणि मोकळे शिंग मुळाशी जरा जाड ठेवले. या कार्यशाळेवर विश्वास ठेवावा असे मला वाटते त्याचे सगळ्यात मोठे कारण हा फोन आहे.

त्याची किंमत आम्ही वेळेच्या रूपाने मोजली. पाडव्याला शिल्प घरी यायचे ठरले होते, म्हणजे सजवलेल्या म्हशी निघतात त्या सगराच्या दिवशी. प्रत्यक्षात ते त्रिपुरी पौर्णिमा उलटल्यावर मिळाले. उशिराची तक्रार नाही, तो समजण्यासारखा होता. तक्रार आहे ती मधल्या तीन आठवड्यांबद्दल. त्या काळात आमचे फोन उचलले गेले नाहीत आणि आई रोज विचारत राहिली. काम कुठवर आले आहे हे आठवड्यातून एकदा कळवायला फार श्रम पडत नाहीत, आणि मेलेल्या माणसाचे शिल्प ज्या घरात यायचे आहे तिथे त्या दोन वाक्यांना मोल असते. बांधणीही बरी नाही. वर्तमानपत्राचे बोळे घातलेल्या खोक्यात मूर्ती देत होत्या. मी घरून वाकळ नेली होती म्हणून निभावले. बाहेरगावी न्यायची असेल तर लाकडी पेटीची सोय आपली आपण करावी. जिना उभा आणि अरुंद आहे, वयस्क माणसांना तो चढवणार नाही.

खर्च एकूण चौदा हजार रुपये आला, निम्मे आधी आणि निम्मे हातात मूर्ती पडल्यावर. दोन आकृती एकत्र असल्यामुळे हा आकडा आहे. एकटे माणूस किंवा एकटे जनावर असेल तर तो बराच खाली येतो. साच्यातून काढलेल्या वस्तूंच्या तुलनेत ही रक्कम मोठी वाटेल, पण तीनदा कच्चा नमुना, दोनदा संपूर्ण घडण आणि दोन भाजण्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला ती वाजवी वाटते. काम द्यायचे असेल तर दसऱ्यानंतर द्यावे. पावसाळ्यात वाळवण रेंगाळते आणि गणपतीच्या आधी दोन महिने गल्लीत कोणालाच उसंत नसते.

आता शिल्पाबद्दल. चंद्री उभी आहे, मान वळवून, आणि तिचे कान दोन वेगळ्या दिशांना आहेत, एक मागे आण्णांकडे आणि एक पुढे रस्त्याकडे. कट्ट्यावर मोटारींच्या गर्दीत उभी राहणारी म्हैस असेच कान ठेवते. कासेच्या वरची शीर बोटाला लागते. आण्णांची पाठ गोल वाकलेली, सदऱ्याखालून मणके जाणवतात, डावी टाच टेकलेली, उजवी उचललेली. अंगठा आत दुमडून मुठीत सड धरलेला. त्यांची धार काढायची हीच पद्धत होती आणि ती आम्ही कोणी बाईंना सांगितलेली नव्हती. उरलेल्या शरीरावरून हात तसाच येणार हे त्यांना कळले होते. मातीचा मूळ विटकरी रंग आण्णांना तसाच ठेवला आहे आणि चंद्रीवर काळसर रंगाचा पातळ हात देऊन मेण घासले आहे. ते मेण मला थोडे जास्त वाटते, दिव्याखाली म्हैस नको तितकी चमकते. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या संग्रहालयातली म्हैस मी पूर्वी पाहिली होती. तिच्या अंगावरचा कोरडा खरखरीतपणा मला आठवत होता आणि इथेही तसाच असता तर अधिक शोभला असता.

आईने मूर्ती मांडीवर घेतली. तिला आता फार स्पष्ट दिसत नाही, म्हणून ती हातांनी पाहत होती. आधी तिची बोटे शिंगांवरून गेली आणि ‘चंद्री’ असे ती म्हणाली. मग आण्णांच्या पाठीवर आली, मणक्यांवरून खाली उतरली, उजव्या गुडघ्यापाशी थांबली आणि तिथेच बराच वेळ राहिली. चेहऱ्याला तिने सगळ्यात शेवटी हात लावला. ‘तोंड मिटलंय,’ ती म्हणाली. ‘धार काढताना ते गप्प बसायचे नाहीत कधी. तिच्याशी बोलायचे.’ हे आम्ही सांगायला विसरलो होतो, आणि भाजलेल्या मातीत आता बदल करता येणार नव्हता. मी बाईंना ते कळवले तेव्हा पुढच्या रविवारी त्या स्वतः घरी आल्या, आईसमोर खाली बसल्या आणि आण्णा म्हशीशी नेमके काय बोलत असत हे त्यांनी तिला विचारले. आई तासभर सांगत होती. बाईंनी पिशवीतून मातीचा गोळा काढला होता आणि ऐकता ऐकता त्यांची बोटे चालू होती.

तो लिंबाएवढा चेहरा, ओठ किंचित उघडे असलेला, सध्या त्यांच्याकडे वाळतो आहे.